इंजिनिअर ताईंचा दुसरा सत्कार

मला सत्कार आवडत नाहीत. माझाही नाही आणि दुसऱ्याचाही नाही. बीडमध्ये राहून असं म्हणणं जरा धाडसाचंच आहे, कारण इथे माणसाचा वाढदिवसाला सत्कार होतो, बदली झाली की होतो आणि बदली रद्द झाली की पुन्हा होतो. चौकातला एक फ्लेक्स उतरायच्या आत त्याच्यावर दुसरा चढतो. मी नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवते. शिक्षकदिनाच्या कृपेने माझ्याकडेही इतक्या शाली जमल्या आहेत की नेकनूरला माझ्या माहेरच्या सगळ्या म्हाताऱ्या त्याच पांघरून झोपतात. त्यात वाईट काही नाही, शाल उबदार असते. पण एका मुलीचं जे झालं त्यानंतर मला हारतुरे बघितले की चीड येते, आणि ती का येते ते एकदा सांगून टाकावं म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या शाळेत ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही त्यांची मुलं येतात. हमालाची, रिक्षावाल्याची, धुणीभांडी करणारीची, आणि दिवाळी आली की आईबाप ऊसतोडीला निघून जातात अशी, आजीजवळ मागे राहिलेली. दहावीपर्यंत आम्ही त्यांना कसंबसं धरून ठेवतो. निकाल लागला की मुलं पेढे घेऊन पाया पडायला येतात आणि मग गायब होतात. एखादा हुशार मुलगा जुलैत स्टँडसमोरच्या दुकानात मोबाइलला काच चिकटवताना दिसतो. एखादी मुलगी एकदोन उन्हाळ्यांनी कडेवर मूल घेऊन भाजीबाजारात भेटते आणि "बाई, वळखलं का?" म्हणून हसते. मला अशा वेळी दुःख कमी आणि संताप जास्त यायचा. त्या संतापातच मी त्यांच्या मागे लागायला सुरुवात केली. अकरावीला विज्ञान घ्यायला लावायचं, बारावीत रविवारी सकाळी विहारात बसवून गणितं करून घ्यायची, प्रवेश परीक्षेला बसवायचं, निकालानंतर सायबर कॅफेत शेजारी बसून कोणतं कॉलेज वर टाकायचं आणि कोणतं खाली ते ठरवायचं. माझे मिस्टर म्हणतात, तुझ्या रागाला लोक समाजसेवा समजतात, नशीबवान आहेस.

ती मुलगी पाचवीपासून माझ्या वर्गात होती. विहाराच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर. वडील स्टँडवर रिक्षा चालवतात आणि आई एका मोठ्या कोचिंग क्लासची झाडलोट करते. त्या क्लासची फी भरणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, पण आई वर्गांतले फळे पुसायच्या आधी त्यांच्यावर उरलेल्या गणितांचे मोबाइलवर फोटो काढून आणायची. पोरगी ती सोडवून रविवारी मला दाखवायची. त्यातली काही मलाच जमायची नाहीत, आणि मी अडकले की ती ओठ दाबून हसायची. मला तिचं ते हसणं फार आवडायचं. गणितात हुशार मुलं पुष्कळ भेटतात. एक वाट बंद झाली तर न चिडता दुसरीकडून जाऊन बघणारं मूल मात्र क्वचित मिळतं, आणि ही तशी होती.

तिला पुण्याच्या एका चांगल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा मिळाली, तीही सरकारी फीमध्ये. आमच्या समाजात शिकलेली माणसं कमी नाहीत. शिक्षक आहेत, नर्स आहेत, तहसीलमध्ये साहेब आहेत. पण जो शिकला तो कॉलनीत राहायला गेला, माझ्यासकट. वस्तीत जे मागे राहिले त्यांच्यातली ही पहिली, त्यामुळे वस्तीने तिला डोक्यावर घेतलं.

जयंती मंडळाचा अध्यक्ष हा माझाच जुना विद्यार्थी. मनाने चांगला, अडल्यानडल्याला अर्ध्या हाकेला धावणारा. पण त्याला नगरसेवक व्हायचं आहे, आणि नगरसेवक व्हायचं असलेल्या माणसाला रिकामा चौक बघवत नाही. त्याने फ्लेक्स लावला. वर त्याचा हात जोडलेला मोठा फोटो, खाली कोपऱ्यात तिचा शाळेच्या ओळखपत्रावरचा वेण्या घातलेला फोटो, आणि मध्ये 'इंजिनिअर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

मी त्याला चौकातच गाठलं. "अरे, झाल्याबद्दल काय? तिचं अजून कॉलेज सुरू व्हायचंय. चार वर्षं आहेत पुढं."

"बाई, शीट लागलं म्हंजी झालंच की," तो म्हणाला. "येष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकला, जागा धरली, का मंग गाव येतंयच. गाडीला खाली उतरून कुणी ढकलतंय का?"

मी त्याला वर्गात झापायचे तसं झापलं, पण पुढे विचार केला तेव्हा वाटलं, त्याचं तरी काय चुकलं. आमच्या लोकांना आयुष्यभर दारातच अडवलं गेलं. दवाखाना असो, कचेरी असो, नोकरी असो, सगळी मारामारी आत शिरण्याची. एकदा आत गेलेलं माणूस आतल्या आत हरवू शकतं, हे वस्तीत कुणी पाहिलेलंच नव्हतं. तिथे कॉलेजात गेलेलंच कुणी नव्हतं, तर कॉलेजात नापास झालेलं कुठून असणार? म्हणून त्यांनी जागा मिळाली त्याच दिवशी गाव आलं असं धरलं.

सत्कार जोरात झाला. फेटा, शाल, ढोल, विहारापासून स्टँडपर्यंत मिरवणूक. वडिलांनी रिक्षाच्या काचेवर लाल रेडियमने 'इंजिनिअर ताई' असं लिहून घेतलं. तिची आई ज्या क्लासमध्ये झाडू मारते त्या क्लासनेसुद्धा आपल्या गुणवंतांच्या बोर्डावर हिचा फोटो लावला, आणि दुसऱ्या दिवशी तो बोर्ड तिच्या आईनेच पुसला. आईला त्याचा राग आला नाही. ती मला म्हणाली, "लावू द्या की मॅडम, दिसतीय तर चांगली." मला मात्र इतका राग आला की मी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

पहिल्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा तिचं नाव कुणी घेईना. लहान पोरंसुद्धा 'इंजिनिअर ताई' म्हणायची. बायका बिघडलेले मिक्सर, बंद पडलेले चार्जर घेऊन दारात यायच्या. कुणीतरी विहिरीवरची मोटार बघायला बोलावलं. ती बिचारी स्क्रू काढून आत बघायची आणि पुन्हा लावून द्यायची. माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, "कसं चाललंय?" "चाललंय, बाई," ती म्हणाली आणि चहा संपायच्या आत उठली. मला ते खटकलं होतं. पण नवीन जागा, नवीन माणसं, बावरलं असेल पोर, असं मी स्वतःला समजावलं.

नंतर फोनवरही तेच. चाललंय, बाई. चांगलं चाललंय, बाई. एप्रिलात जयंतीला ती येई तेव्हा अध्यक्ष तिला हमखास स्टेजवर बसवी. आमच्या वस्तीतल्या आया आपल्या पोरींना तिच्याकडे बोट दाखवून सांगत, बघ, असं व्हायचं. वडील तर रिक्षात बसलेल्या प्रवाशाला कुठे जायचं हे विचारायच्या आधी मुलीचं कॉलेज सांगत.

ती पुण्याला गेल्यावर दोन पावसाळे उलटले असतील, मी आमच्याच शाळेच्या आणखी एका मुलीला सोडायला पुण्याला गेले होते. म्हटलं, हिलाही भेटावं, नव्या पोरीची ओळख करून द्यावी. वसतिगृहात गेले तर तिथल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. ती इथे राहत नव्हती. पहिल्या वर्षात विषय राहिले, त्यामुळे दुसऱ्या वर्षाला जाता आलं नाही, आणि वर्ष गेल्यावर वसतिगृहातली जागाही गेली. एका मुलीने मला जवळच्या गल्लीतली खाणावळ दाखवली.

ती तिथे चपात्या लाटत होती. दुपारची गर्दी ओसरली होती. मला बघून तिने हात पुसले आणि पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. इतका राग मला स्वतःच्या मुलांचाही कधी आला नव्हता.

बाहेरच्या बाकावर बसून तिने सगळं सांगितलं. वर्गात सर इंग्रजीत भराभर लिहीत आणि पुसत. शेजारच्या मुलांनी ते सगळं क्लासमध्ये आधीच केलेलं. पहिल्याच परीक्षेत तीन विषय गेले, त्यात गणित. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली, तेही गणितात. निकाल बघून ती खोलीत जाऊन झोपली आणि पुढचे कितीतरी दिवस वर्गात गेलीच नाही. तिला वाटलं, नापास म्हणजे संपलं.

"मूर्ख आहेस का?" मी म्हणाले. "विषय राहिले तर पुन्हा देता येतात. निम्मा वर्ग असाच पुढं सरकत असतो. मी स्वतः बीएस्सीला फिजिक्समध्ये नापास झाले होते."

तिने मान वर केली. "तुमी?"

"मग? पुन्हा दिला पेपर आणि सुटले."

"हे तुमी कधी बोलला न्हाईत, बाई." ती तक्रार करत नव्हती, नुसतं नवल करत होती. "मला कुणीच न्हाई बोललं असं."

मी तिला सांगितलं, बॅग भर आणि माझ्याबरोबर बीडला चल. दोनतीन महिने घरी बसून अभ्यास कर, गणित माझ्याकडे, बाकीच्या विषयांचं बघू कुणी मिळतं का. खाणावळीत दिवसभर पोळपाटापाशी उभं राहून इंजिनिअरिंगचे विषय सुटत नसतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हणाली.

"इंजिनिअर घरी येऊन बसत न्हाई, बाई. काहून आली म्हणून वस्ती इचारंल. पहिलं म्हणतील सुट्टी. मंग म्हणतील पोरीचं काय तरी झालंय, पोट वाढलं म्हणून बापानं आणली. आप्पांनी रिक्षावर लिवलंय. ते काय खरवडून काढतील का आता?"

नापास झालेल्या मुलीला जगात जिथे हक्काने परत जाता येतं ते तिचं घर, आणि आम्ही ढोल वाजवून त्याचंच दार लावून घेतलं होतं. तिने माझ्याकडून शब्द घेतला की घरी सांगायचं नाही, सगळे विषय सुटल्यावर ती स्वतः सांगेल. मी शब्द दिला. त्या बाकावर बसून दुसरं काय करता आलं असतं हे मला आजही कळत नाही.

मग आम्ही फोनवर शिकायला लागलो. सकाळी खाणावळीची कणीक मळायच्या आधी ती व्हिडिओ कॉल करायची. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचे आणि वहीवर गणित सोडवून दाखवायचे. ते गणित मी स्वतः कॉलेजनंतर हातात धरलं नव्हतं. जुनी पुस्तकं काढून मी आधी शिकायचे, अडले की चिडायचे, मिस्टरांच्या चहात साखर विसरायचे. पलीकडे ती हळूहळू पूर्वीसारखी होत गेली. एकदा मी एका समीकरणात अडकले तेव्हा पडद्यावर तिचे ओठ दाबलेले दिसले, आणि मला एकदम भरून आलं. मी नेटवर्क गेल्याचं सोंग करून फोन बंद केला.

मेकॅनिक्सचा विषय कॉलेजातल्या एका भल्या मुलीने तिच्याकडून करून घेतला आणि तो सुटला. मग ड्रॉइंगचा सुटला. गणिताने मात्र दोन वर्षं छळलं. एकदा थोडक्यात गेलं. एकदा ऐन परीक्षेत ताप आला. कॉलेजने तिला बोलावून सांगितलं की पहिलं वर्ष किती काळ रेंगाळू द्यायचं याला नियम आहे, येत्या उन्हाळी परीक्षेत गणित सुटलं नाही तर प्रवेश रद्द होईल. सुटलं तर लगेच दुसऱ्या वर्षाला बसता येईल. सगळं त्या एका पेपरवर येऊन थांबलं.

ती संक्रांतीपासून जी अभ्यासाला लागली ती विचारू नका. जुने पेपर तिने इतक्या वेळा सोडवले की मी प्रश्न अर्धा वाचला की ती पायऱ्या सांगायला लागायची. मार्चच्या शेवटी मी तिला माझ्या मनाने एक अवघड पेपर काढून दिला. त्यात मी मुद्दाम दोन गणितं वाकडी घातली होती. एक तिने सोडवलं, आणि दुसऱ्याबद्दल म्हणाली की बाई, हे तुमचंच चुकलंय. बघितलं तर खरंच माझंच चुकलं होतं. ती पास होणार होती. हे मी तिच्या मायेपोटी सांगत नाही, इतकी वर्षं पेपर तपासलेली गणिताची बाई म्हणून सांगते.

पण वस्तीचा हिशेब वेगळा चालला होता. वस्तीला एवढंच माहीत होतं की इंजिनिअरिंगला चार वर्षं लागतात, आणि ती तर केव्हाच भरली होती. वडील मला रस्त्यात रिक्षा थांबवून विचारायचे, "मॅडम, आता पुढं कसं असतंय? नोकरी कधी लागती?" मी म्हणायचे, होईल, धीर धरा. त्यांचा धीर काही सुटला नव्हता, उलट त्यांना कसली काळजीच नव्हती. मग जयंतीच्या तयारीची बैठक झाली आणि अध्यक्ष पेढा हातात घेऊन माझ्या दारात आला.

"बाई, औंदा ताईचा डिग्रीचा सत्कार ठेवलाय. मुंबईचे पाहुणे येनारेत. पयल्या टायमापेक्षा मोठा करू."

"तिला जमणार नाही यायला," मी म्हणाले. "ती कामात आहे."

"कंपनीत लागली?"

मी गप्प बसले. त्याने माझ्या गप्प बसण्याचा त्याला हवा तो अर्थ घेतला आणि दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स आला: 'इंजिनिअरिंग पूर्ण करून पुण्याच्या नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल'. या वेळी तिचा फोटो त्याच्या फोटोएवढाच मोठा होता. ते बघून मी त्याला फोन केला आणि चढ्या आवाजात सांगितलं की ती येणार नाही म्हणजे नाही, सुट्टी नाही तिला, उतरव तो फ्लेक्स. "बघू, बघू, बाई," तो म्हणाला. मी तिलाही फोन केला. तिने वडिलांना सांगून टाकलं होतं की काम आहे, येता येणार नाही. वडील हिरमुसले होते, पण ठीक आहे म्हणाले होते.

गुणवंतांचा सत्कार जयंतीनंतर दोनतीन दिवसांनी असतो. एरवी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. या खेपेला पाहुण्यांना दुपारी आष्टीला दुसरा कार्यक्रम होता, म्हणून सकाळी अकराला ठेवला. त्याच दिवशी सकाळी तिचा पेपर होता, दहा ते एक. मला त्यात उलट बरंच वाटलं. इकडे फ्लेक्स, भाषणं काय व्हायची ती होऊ देत, तिकडे पोरगी शांतपणे पेपर लिहीत असेल. आदल्या दिवशी सकाळी आमचा शेवटचा पाठ झाला. नवीन काही घेतलं नाही. मी तिला सांगितलं, ओळखपत्र आजच पिशवीत टाक, सोपी गणितं आधी सोडव, आणि एकावर अडून बसू नकोस. ती म्हणाली, "बाई, ह्या बारीला भ्याव न्हाई वाटत." संध्याकाळी एकदा फोन लावला तो तिने उचलला नाही. म्हटलं, वाचत असेल.

मी मंडपात गेले ते केवळ दिसले नाही तर बोभाटा होईल म्हणून. अकरा वाजून गेले होते. कापडी मंडपाखाली उकाडा, पंख्यांचा घरघराट, पुढच्या रांगांत नव्या साड्या नेसलेल्या बायका. दारातच तिचे वडील भेटले. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला बिल्ला. त्यांनी दोन्ही हात जोडून जयभीम घातला आणि माझा हात धरूनच मला आत नेऊ लागले. आनंदाने त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"पोरगी न्हाईच म्हणत व्हती, मॅडम. काम हाय, सुट्टी न्हाई. म्या म्हणलं, असं कसं न्हाई? तिच्या सायबाला हात जोडतो, एका दिवसाचा तर सवाल हाय. काल सरळ पुण्याला गेलतो. स्टँडवरून फोन लावला, म्हणलं आलोय बघ तुला न्यायला, तुजी कंपनी दाव. लई येळ गप बसली. मंग म्हणाली, कंपनीत नका येऊ आप्पा, मीच येते. आन् आली की बॅग घिऊन. बापाचा सबूद कुठं मोडती ती."

मी स्टेजकडे बघितलं. ती तिथे बसली होती. डोक्यावर गुलाबी फेटा, मांडीवर हात, नजर समोरच्या पायरीवर. पाहुणे बोलत होते की शिक्षणाने माणूस कुठल्या कुठे जातो याचं हे जिवंत उदाहरण. पुण्यात पेपर सुरू होऊन तासावर झाला असेल. मला असं वाटलं की धावत जाऊन माइक ओढावा आणि ओरडून सांगावं, अरे सोडा तिला, तिचा पेपर आहे आज. पण सोडून ती जाणार कुठे होती? पुण्याला पोचेपर्यंत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून झाले असते. माझ्या शेजारी तिचे वडील उभे होते. ते पाहुण्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि मधूनच डोळे पुसत होते. मी त्यांनी दाखवलेल्या खुर्चीत बसून राहिले.

मग अध्यक्षाने माइक घेतला. म्हणाला, आता ताईंना शाल घालायला मी पाहुण्यांना त्रास देणार नाही, हा मान आहे आपल्या बाईंचा, ज्यांनी ही इंजिनिअर घडवली. टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या, कुणीतरी मला पाठीवर हात ठेवून उठवलं. मी स्टेजच्या पायऱ्या चढले. मला त्या क्षणी अध्यक्षाचा राग आला, वडिलांचा आला, तिचा आला. स्टँडवरून आलेल्या त्या फोनवर तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं की आप्पा, माझा उद्या पेपर आहे. पण पूर्ण झालेल्या इंजिनिअरचा पेपर कसा असेल, हे ती त्यांना एका फोनवर काय सांगणार होती?

ती उभी राहिली. मी शाल उलगडली आणि तिच्या खांद्यांवर टाकली. फेट्याचा तुरा माझ्या कपाळाला लागला इतकी ती जवळ होती. तिने रडून घेतलं असावं, पण ते काल कधीतरी, बसमध्ये वगैरे. आता डोळे कोरडे होते. खाली ढोलवाले सुरू झाले होते, त्यामुळे आमचं कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "पेपर सोपा आला असंल का?"

मी शालीचं टोक तिच्या खांद्यावर नीट केलं.

"नाही गं," मी म्हणाले. "फार अवघड असेल."

तिने मान हलवली. मग फोटोवाल्याने आम्हा दोघींना समोर बघायला सांगितलं.